रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्या : सह्याद्रीतील कंदवर्गीय रानफुले घरी वाढवताना

कार्तिक महिना संपत आला की माझ्या अंगणातल्या तीसेक कुंड्यांत मातीखेरीज काहीही दिसत नाही. येणारा पाहुणा सहानुभूतीने विचारतो, ‘झाडं गेली वाटतं?’ झाडे गेलेली नसतात, ती झोपलेली असतात. कळलावी, रानहळद, सापकांदा, भुईचाफा आणि कंदीलपुष्प या सगळ्यांचे आयुष्य पावसाच्या चार महिन्यांत जमिनीवर आणि उरलेल्या आठ महिन्यांत जमिनीखाली चालते. रानातली झाडे घरी जगत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझा अनुभव असा आहे की ती पावसाळ्यात क्वचितच मरतात. ती मरतात मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, आणि तीही दुर्लक्षामुळे नव्हे, तर रिकामी कुंडी पाहून कनवाळूपणे घातलेल्या तांब्याभर पाण्यामुळे. मी पहिल्या वर्षी लावलेल्या कळलावीच्या सात कंदांपैकी पाच असेच कुजवले. पुढे जे सांगायचे आहे त्यात माती, कुंडी, खत हे सगळे येईलच, परंतु या झाडांची झोप कशी राखायची हा त्याचा गाभा आहे, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

कंद कोठून आणावेत

डोंगरावरून उपटून आणू नयेत, हे पहिले उत्तर. राखीव वनातून झाड, कंद किंवा बी काढून आणणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा ठरतो, आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे आणखी कडक संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बागेच्या दृष्टीनेही हा उद्योग तोट्याचा असतो. भर पावसात फुलावर आलेले झाड उपटले की कंदाला जोडलेली कोवळी मुळे तुटतात, त्या वर्षीचा साठा कंदात उतरायच्या आतच पाने सुकतात आणि पुढच्या मृगाला कुंडीतून काहीही उगवत नाही. सह्याद्रीतल्या काही जाती तर मोजक्याच कड्यांवर आणि पठारांवर उरलेल्या आहेत. तिथला एक कंद कमी होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

सरळ मार्ग तीन आहेत. देशी झाडांची रोपवाटिका हा पहिला मार्ग. भुईचाफा, पेवा, कळलावी आणि क्वचित रानहळदही तिथे मिळते. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या मालकीच्या शेताचा बांध, परसू किंवा कुंपण. मालकाला विचारून आश्विनात पिकलेले बी घ्यावे, आणि झाडे मुबलक असतील तरच एखादा कंद उन्हाळ्यात मागावा. तिसरा आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे ही झाडे आधीपासून वाढवणाऱ्यांशी देवाणघेवाण करणे, कारण वाढवणाऱ्याकडून कंदाबरोबर त्याच्या सवयीही कळतात.

विकत घेताना मराठी नावावर विसंबून राहू नये. एकाच झाडाला दर दोन खोऱ्यांआड वेगळे नाव असते, आणि एकच नाव तीन वेगळ्या झाडांना चालते. कळलावीलाच अग्निशिखा आणि गौरीचे हात असेही म्हणतात. म्हणून शास्त्रीय नाव विचारून घ्यावे : कळलावी म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा, भुईचाफा म्हणजे केम्फेरिया रोटुंडा, रानहळद म्हणजे कर्क्युमा स्यूडोमोंटाना, आणि सापकांदा म्हणजे अरिसेमा मुरायी.

काय लावावे, आणि कशाच्या वाटेस जाऊ नये

सुरुवात भुईचाफ्यापासून करावी. हे झाड माणसाच्या अंगणात इतकी शतके आहे की त्याला रानटी म्हणताना थोडा संकोच वाटतो, पण स्वभाव त्याने रानाचाच ठेवला आहे. ऐन चैत्र-वैशाखात, कुंडीत एकही पान नसताना, तापलेल्या मातीतून थेट जांभळट-पांढरी सुवासिक फुले वर येतात. पाने नंतर पावसाबरोबर येतात, वरून नक्षीदार आणि खालून जांभळी. कंद कणखर असतो आणि चुका पोटात घालतो. नवशिक्याने वर्षभर एवढेच एक झाड सांभाळले, तरी झोप आणि जाग यांचे गणित त्याच्या हातात बसते.

रानहळद ही त्याच कुळातली. पावसाच्या आरंभी तिचे पहिले तुरे जमिनीलगत, पानांच्या आधी किंवा शेजारी येतात, आणि पुढे पाने मोठी झाल्यावर दुसरे तुरे पानांच्या मधून निघतात. तुऱ्याच्या शेंड्याकडची गुलाबी दले हे फूल नव्हे. खरी पिवळी फुले त्याखालच्या हिरवट दलांच्या खोबणीत असतात. तिच्या मुळांना बदामाच्या आकाराच्या गाठी लटकतात. कुंडी बदलताना नवखे लोक त्यांना रोग समजून तोडून टाकतात. तो झाडाचा अन्नसाठा असतो, त्याला हात लावू नये.

कळलावीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण ती जितकी देखणी तितकीच घातक आहे. तिच्या सर्व भागांत, आणि विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे जहाल विष असते. कंद दिसायला रताळ्यासारखा किंवा रानातल्या खाण्याच्या कंदासारखा असल्यामुळे दुर्घटना घडतात. घरात लहान मुले किंवा माती उकरणारे कुत्रे असेल तर हे झाड लावूच नये, आणि लावले तर सुकवलेले कंद स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नयेत. ‘कळलावी घरात लावली की भांडणे लागतात’ असा समज अनेक घरांत आहे. माझ्या मते त्या समजुतीने पुष्कळ मुलांचे प्राण वाचवले असतील. दुसरीकडे हीच फुले गौरीच्या पूजेत असतात, आणि गोव्यात चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, रानातल्या फळाफुलांबरोबर बांधली जातात.

तिचा कंद इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा दोन हातांचा असतो, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा असतो. ते टोक मोडले की तो हात कितीही जाडजूड असला तरी उगवत नाही. म्हणून कंद खोक्यातून पाठवताना वा उकरताना टोके जपावीत. १२ इंची कुंडीत दोन ते तीन इंच खोल, आडवा असा तो ठेवावा. वेल पानांच्या शेंड्यांनी चढतो. हे शेंडे स्प्रिंगसारखे वळतात, पण जाड बांबूला त्यांना विळखा घालता येत नाही. तुराट्या किंवा तत्सम पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या द्याव्यात, म्हणजे तो पाच-सहा फूट सहज जातो. फूल हिरवट उमलते, मग पिवळे आणि शेवटी लाल होते. हा बदल काही दिवस चालत असल्याने एकाच वेलावर तिन्ही रंग एकत्र दिसतात.

सापकांदा आणि शेवळा हे सुरणाच्या कुळातले आहेत. सापकांद्याची नागफणीसारखी पांढरी फणी पहिल्या पावसाबरोबर वर येते. या गणातल्या झाडांची एक गंमत अशी की कंद लहान असताना झाड नर फुले देते आणि कंद पोसला की मादी. एखाद्या वर्षी त्याची उपासमार झाली, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा नर होते. त्यामुळे आपण वर्षभर झाड कसे सांभाळले याचे प्रगतिपुस्तक ते स्वतःच देते. शेवळ्याचा कोंब ज्येष्ठात ठाणे-रायगडच्या बाजारात जुड्या बांधून विकला जातो आणि खाज मारण्यासाठी काकड या आंबट रानफळांबरोबर शिजवला जातो, हे कोकणच्या वाचकाला ठाऊक असेलच. पण बाजारात मिळतो तो फुलोरा. तो मातीत खोचून झाड होत नाही, त्यासाठी कंदच लागतो. या दोघांनाही उघड्या हातांनी हाताळू नये, कारण कंदातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांनी कातडी चुरचुरते.

पेव्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, तो कोणालाही येतो. जाड खोडाचे वीतभर तुकडे ओल्या मातीत आडवे ठेवले तरी त्यांना फुटवे येतात. जागा मात्र मोठी द्यावी. तेरडा तर बियांनी आपला आपणच पसरतो. ‘तेरड्याचे रंग तीन दिवस’ हे म्हणीपुरते ठीक आहे, अंगणात त्याचे रंग दीड-दोन महिने टिकतात.

आता काय लावू नये. जमिनीवर उगवणाऱ्या आमऱ्या (ऑर्किड), म्हणजे हॅबेनेरिया आणि तिच्या बहिणी, मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधाराने जगतात. त्यांचे बी धुळीइतके सूक्ष्म असते, त्यात अन्नसाठा नसतो, आणि बुरशीशिवाय ते रुजत नाही. कुंडीत आणलेली आमरी बहुधा एखादे वर्ष कंदातला साठा संपवते आणि नाहीशी होते. कासच्या सड्यावरची सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती पठारावरच्या पातळ, निकस, सतत झिरपत्या ओलाव्यातच राहतात. शेणखत घातलेल्या कुंडीत त्या काही दिवसांत संपतात. दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारी परजीवी रानफुलेही सोडून द्यावीत. ही सगळी त्यांच्या जागी जाऊनच पाहावीत.

माती आणि कुंडी

काळी माती वापरू नये. ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून कंदांच्या मुळांना ओढते. ज्या जमिनीत ही झाडे वाढतात ती बहुधा झाडांखालचा पालापाचोळा, मुरूम आणि दगडांच्या सापटीतली माती अशी असते. तीत पाऊस कोसळतो, पण थांबत नाही. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथले कंद कुजत नाहीत, पण पुण्यात ७०० मिलिमीटरच्या आसपास पावसात कुंडीतले कंद कुजतात. फरक पावसात नाही, निचऱ्यात आहे.

सर्वसाधारण मिश्रण असे करावे : दोन भाग कुजलेला पाला, एक भाग तांबडी माती, आणि एक भाग जांभ्याचे किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. जुन्या घराचे कौल फोडून केलेले तुकडे उत्तम, कारण ते ओल शोषतात आणि हळूहळू सोडतात. कुंडीमागे दोन मुठी जुने शेणखत पुरे. ताजे शेणखत कंदाला भाजते. पाला आंबा, जांभूळ, उंबर असा मिश्र घ्यावा आणि गोणपाटात भरून, अधूनमधून भिजवून वर्षभर कुजू द्यावा. बाजारचा कोकोपीट मी या झाडांसाठी टाळतो, कारण तो पावसाळ्यात स्पंजासारखा भिजलेला राहतो.

कुंडी मातीचीच असावी. प्लास्टिकच्या कुंडीत ओल कडेने सुटत नाही आणि हिवाळ्यातही तळाशी चिखल राहतो. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, नाहीतर तळाचे भोक बुजते आणि गांडुळे आत शिरतात. गांडूळ शेतात मित्र असले, तरी कुंडीत ते निचऱ्याची माती गाळ करून टाकते.

जागा निवडताना एकच दृश्य आठवावे : आंब्याखालची पावसाळी सावली. सकाळचे ऊन दोन-तीन तास मिळावे आणि दुपारी गळके ऊन असावे. रानहळद, भुईचाफा, सापकांदा आणि नेचे यांना हे पुरते. कळलावीला मूळ सावलीत आणि शेंडा उन्हात हवा असतो, म्हणून तिची कुंडी इतर कुंड्यांच्या मागे ठेवून वेल वर काढावा. गच्ची असेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधावी, पण ती पावसाळा संपल्यावर काढायची गरज नाही. झोपलेल्या कुंडीलाही तळपणाऱ्या उन्हात भाजून काढू नये.

वर्षाचा क्रम

वैशाखाच्या मध्यावर, म्हणजे साधारण १० ते २० मेच्या दरम्यान, कुंड्या उलट्या करून कंद तपासावेत. भुईचाफ्याची फुले चालू असतील तर त्याला नंतर हात लावावा. चांगला कंद दाबल्यावर कडक लागतो. मऊ, पाणचट किंवा आंबट वासाचा भाग स्वच्छ सुरीने कापून टाकावा, कापलेल्या जागी राख किंवा हळद चोळावी आणि सावलीत दोन-तीन दिवस जखम सुकू द्यावी. लगेच लावल्यास जखमेतून कूज पसरते. मग नव्या मिश्रणात कंद लावावेत आणि पाणी घालू नये. हे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण लावल्यावर पाणी घालायची हाताला सवय असते.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते. वळवाच्या सरी पडल्या तर पडू द्याव्यात, नाहीतर आठवड्यातून एकदा वरवर शिंपावे. हवेतला दमटपणा वाढला की कंद आपणहून जागे होतात. पाऊस लांबला तरी कुंडीत कोंब फुटलेले मी अनेकदा पाहिले आहेत. कोंब वर आल्याखेरीज भरपूर पाणी देऊ नये. मृग ७-८ जूनला लागतो. तेथून हस्तापर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरीपर्यंत, पावसात खंड पडला तरच पाणी घालावे, आणि तेव्हा मात्र माती सुकू देऊ नये. शक्य असेल तर पिंपात साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, नेच्यांना ते विशेष मानवते.

खत पाने पूर्ण उघडल्यावर द्यावे. आर्द्रा ते मघा या काळात दर पंधरा दिवसांनी पातळ शेणपाणी द्यावे, एवढेच. भाद्रपदानंतर खत पूर्ण बंद करावे, कारण या वेळी झाड पानांतले अन्न कंदात उतरवत असते आणि उशिरा मिळालेल्या खताने ते पुन्हा कोवळी पाने काढू लागते.

आश्विनात पाने पिवळी पडू लागतात. इथे दोन चुका होतात. काही जण पाणी वाढवतात, आणि काही जण कुंडी कुरूप दिसते म्हणून पाने कापतात. दोन्ही करू नये. पान आपणहून वाळून हलक्या ओढीने सुटेपर्यंत राहू द्यावे. पाणी मात्र कमी कमी करत दिवाळीपर्यंत बंद करावे. मग कुंड्या पावसाचा किंवा नळाचा थेंबही पडणार नाही अशा ठिकाणी, जिन्याखाली किंवा ओसरीच्या कडेला, एकत्र ठेवाव्यात. कंद काढून कोरड्या वाळूत ठेवण्याची पद्धतही आहे. पण लहान कंद त्यात फार सुकतात, म्हणून मी ते कुंडीतच राहू देतो. सापकांद्यासारख्या बारीक कंदाच्या कुंडीत महिन्यातून एकदा कडेने अर्धी वाटी पाणी द्यावे. बाकीच्यांना तेही नको.

प्रत्येक कुंडीवर नाव आणि ‘आत कंद आहे’ असे लिहिलेले असावे. एका माघात आमच्या काकूंनी माझ्या अनुपस्थितीत पाच रिकाम्या कुंड्यांत कोथिंबीर पेरली आणि तिला रोज निगुतीने पाणी घातले. कोथिंबीर झकास आली. त्या कुंड्यांतल्या रानहळदीपैकी एकच वाचली. नाव रंगाने थेट कुंडीवर लिहावे, कारण काडीवरची चिठ्ठी गोगलगायी खातात.

कंदीलपुष्पाची वेगळी बैठक

ज्याला या छंदाची खरी गोडी लागली, तो एक ना एक दिवस कंदीलपुष्पाकडे, म्हणजे खरतुडी किंवा सेरोपेजिया गणाकडे वळतोच. फुलाची नळी खाली फुगीर आणि वर कंदिलासारखी बंद असते. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे चिलटासारखी माशी आत घसरते आणि वर येऊ शकत नाही. परागकण तिला चिकटले आणि केस कोमेजले की ती सुटते आणि पुढच्या फुलात अडकते. सह्याद्रीत या गणाच्या अनेक प्रदेशनिष्ठ जाती असून त्यांपैकी काही अत्यंत दुर्मीळ आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी त्यांच्या अभ्यासाचे आणि संवर्धनाचे मोठे काम केले आहे. दुर्मीळ जाती अशा संस्थांच्या हाती असणेच योग्य. घरी हात बसवण्यासाठी आफ्रिकेतून आलेली आणि रोपवाटिकेत सर्रास मिळणारी ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ घ्यावी, आणि मग माळरानावर व्यापक प्रमाणात आढळणाऱ्या सेरोपेजिया बल्बोसाचे बी कोणी वाढवणाऱ्याकडून मिळवावे.

माती वरच्यापेक्षा वेगळी करावी : एक भाग पाला, एक भाग तांबडी माती आणि दोन भाग मुरूम किंवा बारीक खडी. कंद चपटा असतो. तो अर्धा इंचच खोल लावावा आणि वर खडीचा थर द्यावा, म्हणजे खोडाच्या बुडाशी ओल साचत नाही. कुंडी सहा इंचांहून मोठी घेऊ नये. मोठ्या कुंडीतली न वापरलेली ओल हीच याची शत्रू. सततच्या झडीत कुंडी छपराखाली घ्यावी. शेंग पिकली की रुईसारख्या रेशमी भुऱ्या असलेल्या बिया वाऱ्यावर जातात, म्हणून पिवळट पडणाऱ्या शेंगेला आधीच दोरा किंवा मलमलची पिशवी बांधावी. हे बी फार काळ टिकत नाही, ताजे पेरले तर चटकन उगवते.

कीड आणि चोर

पावसाळ्यात गोगलगायी सर्वांत जास्त नुकसान करतात. रात्री दिवा घेऊन वेचणे याला पर्याय नाही. ओला गोणपाट कुंड्यांच्या शेजारी टाकून सकाळी त्याखाली जमलेल्या उचलणे हा त्यातला सोपा प्रकार. कळलावीवर काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली अळी येते आणि दोन दिवसांत वेल निष्पर्ण करते. ती हातमोजे घालून वेचावी. पिठ्या ढेकूण झोपलेल्या कंदांवरही बसतो, म्हणून वैशाखातल्या तपासणीत कंद साबणाच्या पाण्याने पुसून सुकवावेत. उंदीर आणि घुशी मात्र झोपलेल्या कुंड्यांतच शिरतात. कुंडीच्या तोंडावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी तारेने बांधून टाकावी.

बियांपासून

कळलावीचे बी आश्विन-कार्तिकात शेंग फुटल्यावर तांबूस गरासह मिळते. गर चोळून धुवावा, बी सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवावे आणि पुढच्या मृगात पेरावे. उगवण सावकाश आणि एकेक अशी होते. पहिल्या वर्षी रोप गवताच्या काडीएवढेच राहून सुकते आणि त्याचा कंद हरभऱ्याएवढा असतो. तो पेरणीच्या कुंडीतून दोन वर्षे हलवू नये. फूल यायला तीन-चार पावसाळे लागतात.

नेच्यांसाठी विटेचा जुना प्रयोग अजूनही सर्वांत भरवशाचा आहे. वीट अर्धा तास उकळून, थंड करून, ताटलीतल्या पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवावी. हंसराजाचे पिकलेले पान रात्रभर कागदात घडी करून ठेवले की तपकिरी बीजुकांची भुकटी पडते. ती विटेवर टिचकीने उडवावी, वर काचेचे भांडे झाकावे आणि उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावे. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी साय धरते, आणि तिच्यातून आणखी काही आठवड्यांनी नखाएवढी पाने उठतात. ताटलीतले पाणी आटू द्यायचे नाही, एवढेच काम.

कंद वाढून जास्त झाले की ते वैशाखातच द्यावेत, पावसाळ्यात नव्हे. देताना प्रत्येक कंद कोरड्या भुशात वेगळा गुंडाळावा आणि पाकिटावर शास्त्रीय नाव, वरची बाजू कोणती, आणि कळलावी असेल तर ‘विषारी’ हा शब्द ठळकपणे लिहावा. घेणाऱ्याला बाकी काही नाही सांगितले तरी चालेल, पण दिवाळीनंतर पाणी घालायचे नाही हे त्याच्याकडून एकदा वदवून घ्यावे.